जॅझ क्लबमधील एका संध्याकाळचे नियोजन : कोणता सेट, कोणती जागा, किती पूर्वतयारी?

मध्यलय

नमस्कार. पुढच्या महिन्यात आम्ही चौघे जण एका जॅझ क्लबमध्ये प्रत्यक्ष वादन ऐकायला जाण्याचे ठरवत आहोत. जॅझच्या ध्वनिमुद्रिका मी बराच काळ ऐकत आलो आहे. पण छोट्या खोलीत, वादकांच्या अगदी समोर बसून हे संगीत ऐकण्याची माझीही ही पहिलीच वेळ असेल. माझ्या पत्नीला पियानो मनापासून आवडतो. उरलेल्या दोन स्नेह्यांनी जॅझ जवळजवळ ऐकलेलेच नाही, आणि त्यांना या संगीताची गोडी लागावी अशी माझी फार इच्छा आहे.

क्लबच्या वेळापत्रकात एका रात्रीत दोन सेट, म्हणजे सलग वादनाची दोन सत्रे, दाखवले असून प्रत्येक सेटचे तिकीट स्वतंत्र आहे. आसनक्रमांक नाहीत, जो आधी येईल त्याला हवी ती जागा मिळते. कोणती रात्र निवडावी, पहिला सेट घ्यावा की दुसरा, बसावे कुठे आणि नवख्या मंडळींना आधी काय सांगून ठेवावे, याविषयी अनुभवी सभासदांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खर्जप्रेमी

मध्यलय, तारीख ठरवून मग त्या दिवशी कोण वाजवणार आहे हे पाहण्याची पद्धत बहुतेक जण अवलंबतात. मी उलट क्रम सुचवीन. आधी संच, म्हणजे एकत्र वाजवणारा वादकांचा गट, निवडा आणि त्यानुसार तारीख ठरवा. जॅझ क्लब म्हणजे नुसती जागा. तिथली संध्याकाळ कशी जाईल हे त्या रात्रीचे तीन-चार वादक ठरवतात.

संच निवडताना ज्याच्या नावाने कार्यक्रम जाहीर झाला आहे त्याच्यापाशी थांबू नका. बास (खर्जातील स्वरांचे उभे, मोठे तंतुवाद्य) कोण वाजवतो, ड्रम्सवर कोण आहे, ही नावे आवर्जून पाहा. प्रमुख वादक पाहुणा असतो आणि साथीदार त्याच शहरातले असतात, असा प्रकार पूर्वीपासून चालत आला आहे. लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये १९६० च्या दशकात अमेरिकेतून एकटे आलेले नामांकित वादक स्टॅन ट्रेसी या तिथल्या नेमणुकीच्या पियानोवादकाच्या साथीने वाजवत असत, आणि साथीला तो होता म्हणून त्या रात्रींचा दर्जा टिकला. म्हणून साथीदारांच्या नावांवरून दोन-तीन ध्वनिमुद्रणे शोधून ऐका. त्यांची चाल आवडली तर तिकीट काढायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, तोच संच त्या क्लबमध्ये सलग किती रात्री वाजवणार आहे हे तपासा. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये एक संच साधारणपणे मंगळवारपासून रविवारपर्यंत वाजवतो, आणि सोमवारची रात्र १९६६ पासून एका मोठ्या वाद्यवृंदासाठी राखून ठेवलेली आहे. असे सलग मुक्काम असतील तर मी नेहमी आठवड्याच्या उत्तरार्धातली रात्र निवडतो. पहिल्या रात्री वादक खोलीच्या आवाजाशी आणि एकमेकांशी जुळवून घेत असतात. चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत त्याच रचनांमध्ये नव्या वाटा सापडलेल्या असतात. १९५१ मध्ये क्लबमध्ये वाजवण्याचा परवाना रद्द झाल्यामुळे पियानोवादक थेलोनियस मंक याला न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये काही वर्षे वाजवता येत नव्हते. १९५७ मध्ये तो परवाना परत मिळाल्यावर त्याने फाइव्ह स्पॉट या क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला सोबत घेऊन काही महिने सलग वाजवले. कोल्ट्रेनच्या वादनातली त्या वर्षातली झेप त्या मुक्कामावाचून समजत नाही, असे मला वाटते. एकाच खोलीत रात्रीमागून रात्र वाजवण्याचा वादकांवर असा परिणाम होतो, आणि त्याचा लाभ आपल्याला योग्य रात्र निवडून घेता येतो.

आपल्या पत्नींना पियानो आवडतो, तेव्हा पियानो, बास आणि ड्रम्स असे तिघांचे त्रिकूट पाहा. नवख्यांसाठीही ते सोपे जाते, कारण तीनच आवाज असल्यामुळे कोण काय करतो आहे हे कानाला लगेच वेगळे काढता येते.

तिसरी_रांग

जागेविषयी मी लिहितो, कारण या विषयावर माझे मत फार ठाम आहे.

पियानोचे त्रिकूट असेल तर श्रोत्यांच्या दृष्टीने डावीकडची बाजू धरा. ग्रँड पियानोचे झाकण वादकाच्या उजव्या हाताच्या दिशेला उघडते. आवाज श्रोत्यांकडे यावा म्हणून वादकाची उजवी बाजू श्रोत्यांकडे ठेवतात, म्हणजे तो आपल्या डावीकडे बसलेला असतो आणि त्याचे हात डावीकडच्या टेबलांवरून दिसतात. उजवीकडे बसलेल्यांना वादकाचा चेहरा दिसतो, पण बोटे झाकणाआड जातात. काही अरुंद क्लबांमध्ये जागेअभावी पियानो भिंतीला लावलेला असतो. तेव्हा क्लबची छायाचित्रे आधी पाहून ठेवावीत.

सर्वांत पुढची टेबले मोहात पाडतात, परंतु नवख्या श्रोत्यांना तिथे बसवू नये असे माझे मत आहे. अगदी पुढे बसले की जे वाद्य जवळ असेल तेच ऐकू येते. ड्रम्ससमोर बसलात तर झांजांच्या आवाजाखाली बास बुडून जातो, आणि जॅझमध्ये बास हरवला की पायाखालची जमीनच गेली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेपासून सगळी वाद्ये एकत्र मिसळून ऐकू येतात, तरीही वादकांच्या नजरा आणि खाणाखुणा दिसतात. या खाणाखुणा पाहणे हा प्रत्यक्ष ऐकण्यातला निम्मा आनंद आहे. पियानोवादकाने मान वर करून ड्रमवादकाकडे पाहिले की पुढच्या काही क्षणांत काही तरी बदलणार हे ओळखता येऊ लागते.

पेये बनवण्याच्या काउंटरजवळची, स्वयंपाकघराच्या दाराजवळची आणि खांबामागची जागा टाळा. बर्फ हलवण्याचा आवाज मंद रचनेच्या ऐन मध्यावर येतो, आणि आपण एकट्याने आलेले नसल्यामुळे मागे कोपऱ्यात उभे राहून ऐकण्याचा पर्यायही आपल्याला सोयीचा नाही.

आवाजाबद्दलही लिहून ठेवतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपर्यंत राहता येते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. ड्रमवादक काठ्यांऐवजी मऊ ब्रशने वाजवत असेल अशा त्रिकुटात आपण या मर्यादेच्या बरेच आत असतो. परंतु छोट्या तळघरात दोन ट्रम्पेट आणि जोरकस ड्रम्स असतील तर चित्र वेगळे असते. संगीतासाठी बनवलेली कानात घालायची बुचे मिळतात. ती सर्व पट्टींचा आवाज सारख्या प्रमाणात कमी करतात, त्यामुळे स्वर बोथट होत नाहीत. ती खिशात असावीत.

नीलांबरी

पहिला सेट की दुसरा, या प्रश्नावर माझे उत्तर आपल्या मंडळींकडे पाहून देते : पहिला.

पहिल्या सेटला खोली सहसा भरलेली असते, श्रोते ताजेतवाने असतात आणि वादकही रचनांची मांडणी अधिक काळजीपूर्वक करतात. एक वेगवान रचना, एक मध्यम, एक मंद, मग काहीतरी लॅटिन अंगाचे, असा तोल पहिल्या सेटमध्ये बहुधा सांभाळलेला असतो. जॅझ न ऐकलेल्या माणसाला या संगीताच्या किती तऱ्हा आहेत हे एका तास-सव्वा तासात समजते. दुसरा सेट उशिरा सुरू होतो आणि त्यात रचना लांबतात. ज्याला आधीच रस आहे त्याला ते लांबणे प्रिय असते, पण दिवसभराच्या कामानंतर आलेल्या नवख्या श्रोत्याला तिथे झोप येऊ शकते, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

तिकीट घेण्यापूर्वी तीन गोष्टी क्लबला विचारून घ्याव्यात. पहिल्या सेटनंतर खोली रिकामी करतात की जागा शिल्लक असल्यास तिथेच बसू देतात. प्रवेशशुल्काखेरीज प्रत्येकी किमान काही मागवण्याची अट आहे का, आणि ती अट प्रत्येक सेटला वेगळी लागू होते का. तसेच तिकीट म्हणजे निश्चित जागा की केवळ आत येण्याचा हक्क. या तिन्ही बाबतींत प्रत्येक क्लबची रीत निराळी असते आणि बिल हातात आल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

जेवणाचे म्हणाल तर ते सेटच्या आधी आटोपलेले बरे. काटे-चमचे हातात असताना कोणी नीट ऐकत नाही.

अनुनाद

नीलांबरी यांच्या मताचा आदर राखून मी दुसऱ्या सेटची बाजू मांडतो, कारण या धाग्यावर ती कोणी तरी मांडली पाहिजे.

जॅझची गोडी लागते ती वादकांना काहीतरी सापडताना पाहून. पहिल्या सेटमध्ये ते जे दाखवतात ते बऱ्याच अंशी त्यांना आधीपासून येत असलेले असते. दुसऱ्या सेटपर्यंत हात मोकळे झालेले असतात, खोलीचा आवाज कळलेला असतो, आणि समोरची गर्दी थोडी कमी होऊन ऐकण्यासाठीच थांबलेले लोक उरलेले असतात. अशा वेळी वादक एकमेकांना अडवून पाहतात, एखादी रचना मध्येच निराळ्या लयीत नेतात, आणि जे घडते ते त्यांनाही अनपेक्षित असते. नवख्या माणसाला सगळे तांत्रिक अंग कळले नाही तरी ही उत्सुकता त्याच्यापर्यंत पोचते. उलट नीटनेटका पहिला सेट त्याला छान वाटतो आणि तो विसरून जातो, असे मी पाहिले आहे.

शक्य असल्यास एकाच रात्रीचे दोन्ही सेट ऐकावेत, हे माझे खरे सांगणे आहे. पियानोवादक बिल एव्हान्स याच्या त्रिकुटाने २५ जून १९६१ या रविवारी व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन असे पाच सेट वाजवले आणि ते ध्वनिमुद्रित झाले. त्या दिवशी काही रचना एकाहून अधिक वेळा वाजवल्या गेल्या, आणि त्या सर्व आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. एकाच दिवशी, त्याच तीन माणसांनी, त्याच खोलीत वाजवलेली तीच रचना प्रत्येक वेळी किती वेगळी होते, हे त्यातून अगदी स्पष्ट ऐकू येते. बासवादक स्कॉट लाफारो याचे त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी मोटार अपघातात निधन झाले, त्यामुळे त्या त्रिकुटाला पुन्हा एकत्र ऐकण्याची संधी कोणालाच मिळाली नाही. त्या ध्वनिमुद्रणात पेल्यांचे किणकिणणे आणि लोकांच्या गप्पाही ऐकू येतात. ती मुद्रणे ऐकताना मला दर वेळी त्या गप्पा मारणाऱ्या लोकांबद्दल हळहळ वाटते, की समोर काय चालले आहे हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

मध्यलय

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभार. खर्जप्रेमी यांच्या सूचनेप्रमाणे वेळापत्रक पुन्हा तपासले असता तीन रात्री सलग वाजवणारे एक पियानो त्रिकूट मिळाले आहे. तिसरी रात्र घ्यावी असा विचार आहे.

आता पुढचा प्रश्न. माझ्या स्नेह्यांचा नेहमीचा आक्षेप असा की, सुरुवातीला धून छान असते, पण नंतर प्रत्येक जण मनाला येईल ते वाजवत राहतो आणि ते केव्हा संपणार हे कळत नाही. यावर त्यांना थोडक्यात काय सांगावे? आणि टाळ्या, बोलणे, छायाचित्रे यांबाबतचे संकेत काय आहेत?

सातवा_स्वर

आपल्या स्नेह्यांचा आक्षेप अगदी प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही आहे. वादक मनाला येईल ते वाजवत असले तरी ते एका ठरलेल्या आवर्तनाच्या आत वाजवत असतात. हे आवर्तन कानाला सापडले की केव्हा संपणार हा प्रश्न उरत नाही.

पारंपरिक रचनांचे आवर्तन बहुधा ३२ विभागांचे असते आणि प्रत्येक विभागात चार मात्रा असतात, म्हणजे एकूण १२८ मात्रा. या ३२ विभागांचे आठ-आठचे चार भाग पडतात. पहिल्या भागात मुख्य धून येते, दुसऱ्यात तीच धून पुन्हा येते, तिसऱ्यात वेगळी धून आणि वेगळे स्वरसंवाद (एकत्र वाजणारे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड्स) येतात, आणि चौथ्यात पहिली धून परतते. हा तिसरा भाग, ज्याला वादक ब्रिज म्हणतात, तोच नवख्यांसाठी सर्वांत उपयोगी खूण आहे. धून वाजत असताना ब्रिज कसा ऐकू येतो हे एकदा लक्षात ठेवले की एकल वादन चालू असतानाही तो आला की जाणवतो. धून नसली तरी खालचे स्वरसंवाद तेच असतात. ब्लूज प्रकारातल्या रचनांचे आवर्तन याहून लहान, साधारणपणे १२ विभागांचे असते आणि त्यात ब्रिज नसतो.

मात्रा मोजण्यासाठी बास ऐकावा. स्विंगच्या, म्हणजे जॅझच्या नेहमीच्या झुलत्या तालाच्या, चालीत बासवादक बहुतेक वेळ दर मात्रेला एक स्वर वाजवत पुढे चालत असतो. ड्रमवादकाच्या डाव्या पायाखालच्या दोन झांजा, म्हणजे हाय-हॅट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतात. पायाने ताल धरायचा झाल्यास तो याच दोन मात्रांवर धरावा.

वेळेचा अंदाज द्यायचा तर, मिनिटाला १२० मात्रांची मध्यम लय असेल तेव्हा ३२ विभागांचे एक आवर्तन १ मिनिट ४ सेकंदांत पुरे होते. लय २०० असेल तर जेमतेम ३८ सेकंद लागतात. लय ६० असेल, म्हणजे रचना मंद असेल, तर त्याच आवर्तनाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. मंद रचनेत प्रत्येक वादक एखादेच आवर्तन किंवा अर्धेच का घेतो आणि वेगवान रचनेत पाच-सात आवर्तने का घेतो, हे या हिशोबावरून उमगते.

रचनेचा एकंदर आराखडाही ठरलेला असतो. आधी सर्व जण मिळून धून वाजवतात. मग एकेक वादक तिच्या आवर्तनावर उत्स्फूर्त वादन करतो. त्रिकुटात बहुधा आधी पियानो आणि मग बास. त्यानंतर पुष्कळदा असे होते की पियानोवादक चार विभाग वाजवतो आणि पुढचे चार विभाग ड्रमवादक एकटा वाजवतो, आणि ही देवघेव एक-दोन आवर्तने चालते. नवख्या श्रोत्यांना हा भाग हमखास आवडतो, कारण संवाद उघड दिसतो. ही देवघेव ऐकू आली की रचना शेवटाकडे वळली आहे असे समजावे. त्यानंतर मूळ धून परत येते आणि रचना संपते. ड्रमवादक एकटा वाजवत असताना बाकीचे दोघे स्वस्थ दिसले तरी मनात विभाग मोजत असतात, आणि चौथा विभाग संपताच तिघे नेमके एकत्र येतात. आपण स्वतः मोजून तो क्षण आधी ओळखला तर होणारा आनंद कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

सर्वच आधुनिक संच या आराखड्याने चालत नाहीत, हेही खरे. काही संच स्वतःच्याच रचना वाजवतात, ज्यांत आवर्तने विषम असतात किंवा नसतातच. म्हणून पहिल्या भेटीसाठी पारंपरिक रचना वाजवणारे त्रिकूट निवडणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

खर्जप्रेमी

सातवा_स्वर यांनी फार सुंदर लिहिले आहे. बासच्या एकल वादनाविषयी थोडी भर घालतो, कारण माझा जीव त्या वाद्यात आहे.

बासवादकाची पाळी आली की पियानो जवळजवळ थांबतो, ड्रमवादक ब्रशवर किंवा नुसत्या हाय-हॅटवर येतो, आणि खोलीतला आवाज एकदम खाली उतरतो. नेमक्या याच वेळी लोकांना वाटते की काही विशेष चाललेले नाही, आणि टेबलांवर बोलणे सुरू होते. वास्तविक खर्जातील स्वर कानाला पकडायला अवघड असतात, त्यामुळे या वेळी सर्वांत जास्त शांततेची गरज असते. आपल्या स्नेह्यांना एवढे अवश्य सांगा की आवाज कमी झाला म्हणजे पुढे झुकून ऐकायचे. बासवादकाच्या डाव्या हाताकडे पाहिल्यास ऐकणे सोपे होते. हात वाद्याच्या मानेवरून खाली सरकला की स्वर वर चढतो, हे दिसल्यावर कानही त्याच्यामागे जातो.

नीलांबरी

टाळ्यांबद्दल : एकल वादन संपल्यावर, पुढचा वादक सुरू करत असतानाच टाळ्या वाजवण्याची प्रथा आहे. परंतु ती सक्ती नाही. मंद रचनेत, किंवा एकाचे वादन दुसऱ्याच्या वादनात हळूच मिसळत असताना, टाळ्यांनी तो सांधा झाकला जातो. अशा वेळी मी शेवटपर्यंत थांबते. बाकीचे श्रोते काय करतात याकडे पाहिले तरी पुरते.

बोलण्याबद्दल मात्र माझे मत कठोर आहे. क्लब ही सामाजिक जागा आहे, तिथे हसावे, दाद द्यावी, वादकाने काही अचाट केले तर मोठ्याने उद्गार काढावेत. वादकांना ते आवडते आणि वादनात त्याचा प्रतिसादही उमटतो. पण रचना चालू असताना आपापसांत गप्पा मारणे वेगळे. बासवादक चार्ल्स मिंगस गोंगाट करणाऱ्या श्रोत्यांना मंचावरूनच सुनावत असे, आणि मला त्याची बाजू पूर्णपणे पटते. शंभर-सव्वाशे माणसांच्या खोलीत एका टेबलावरचे बोलणे सर्वांना ऐकू येते, वादकांना तर नक्कीच. आपल्या स्नेह्यांना आवर्तन समजावून सांगण्याचे काम आधी घरी करा. क्लबमध्ये वादन चालू असताना कानात कुजबुजून समजावू नका.

छायाचित्रे आणि चित्रीकरण यांबाबत क्लबचा नियम वाचावा. व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये वादन चालू असताना दोन्हींना मनाई आहे. नियम नसला तरी अंधाऱ्या खोलीत उजळलेला फोन मागच्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर येतो, तेव्हा तो खिशातच ठेवणे योग्य. आठवण म्हणून काही हवे असेल तर सेटनंतर वादक स्वतःच्या ध्वनिमुद्रिका विकायला ठेवतात, त्यातील एक विकत घ्यावी. त्याच वेळी वादकांशी दोन शब्द बोलताही येतात, आणि इतक्या जवळून कलावंतांना भेटण्याची सोय मोठ्या सभागृहांत क्वचितच मिळते.

प्रथमश्रवण

हा धागा शांतपणे वाचत होतो. बारा वर्षांच्या मुलीला अशा ठिकाणी नेता येते का? ती स्वतः पियानो शिकते.

नीलांबरी

प्रथमश्रवण, मद्य मिळणाऱ्या बऱ्याच क्लबांमध्ये वयाची अट असते, किंवा पालकांसोबत फक्त पहिल्या सेटला प्रवेश असतो. तेव्हा आधी विचारून घ्यावे. काही क्लब दुपारचा खास सेट ठेवतात आणि तो मुलांसाठी उत्तम असतो. न्यू ऑर्लिन्सचा प्रिझर्व्हेशन हॉल १९६१ पासून पारंपरिक जॅझसाठी ओळखला जातो. तिथे मद्यच दिले जात नाही, सेट साधारण पाऊण तासाचे असतात आणि सर्व वयाच्या श्रोत्यांना प्रवेश आहे. आपल्या शहरात अशी सोय कुठे असेल तर मुलीला जरूर न्यावे, आणि पियानोवादकाचे हात दिसतील अशाच जागी बसवावे.

अनुनाद

क्लबच्या वेळापत्रकात शेवटी मध्यरात्रीनंतरचे जॅम सेशन लिहिलेले असते, त्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. यात ठरलेला संच नसतो. आलेले वादक आळीपाळीने मंचावर जातात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला मंक आणि ड्रमवादक केनी क्लार्क हे नेमणुकीचे वादक होते, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करही तिथे वाजवत, आणि पुढे बीबॉप नावाने ओळखले गेलेले संगीत अशा जॅम सेशनांमधून घडले. अवघड स्वरसंवाद आणि भरधाव लय यांमुळे कच्चे वादक तिथे टिकत नसत.

आज कोणत्याही जॅम सेशनला गेलात तर काही वादन उत्कृष्ट मिळेल आणि काही कच्चे. दोन्ही एकामागून एक ऐकल्यामुळे चांगले वादन म्हणजे काय हे फार लवकर कळते. प्रवेशशुल्कही सहसा कमी असते. परंतु पहिल्याच रात्री नवख्या मंडळींना तिथे नेऊ नये; उशिराच्या वादनात त्यांना झोप येऊ शकते, हे नीलांबरी यांचे म्हणणे इथे मलाही पटते. तुम्ही स्वतः मात्र दुसऱ्या कोणत्या तरी रात्री एकटे जा.

मध्यलय

सर्वांच्या सल्ल्याने योजना अशी ठरते आहे. त्रिकुटाची तिसरी रात्र. चौघांसाठी पहिला सेट, आणि मी व पत्नी दुसऱ्या सेटचेही तिकीट घेत आहोत. स्नेह्यांना थांबावेसे वाटले आणि जागा असली तर तेही थांबतील. आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी चौघे एकत्र बसून एकच परिचित रचना दोन वेगवेगळ्या वादकांची ऐकणार आहोत आणि सातवा_स्वर यांनी सांगितल्याप्रमाणे ब्रिज शोधणार आहोत. त्याहून अधिक पूर्वतयारी त्यांच्यावर लादत नाही.

दारे सेटच्या एक तास आधी उघडतात. डावीकडची, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली चार आसने मिळवण्यासाठी मी एकट्याने आधी जाऊन टेबल धरून ठेवले तर चालेल का?

तिसरी_रांग

बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून आधीच सावध करतो. अनेक क्लब गटातील सर्व माणसे हजर झाल्याशिवाय टेबल देतच नाहीत. एकटा माणूस चार खुर्च्या अडवून बसला तर रांगेतल्या इतरांवर अन्याय होतो, हे त्यामागचे कारण रास्त आहे. तुम्ही चौघांनी बाहेरच भेटण्याचे ठरवा आणि दारे उघडण्याच्या वीस मिनिटे आधी रांगेत उभे राहा. आरक्षण एकाच नावाने करा. दोन वेगळ्या नावांनी केलेत तर आसनेही वेगळी मिळू शकतात. दुसऱ्या सेटची दोन तिकिटे घेत आहात, तर खोली रिकामी करून पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल की त्याच टेबलावर बसता येईल, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

खर्जप्रेमी

आरक्षण करताना सूचनांसाठी जागा दिलेली असते. तिथे "पियानोवादकाचे हात दिसतील असे टेबल हवे" एवढेच एक वाक्य लिहा. आसनक्रमांक नसलेल्या क्लबमध्येही दारावर बसवून देणारा माणूस असतो, आणि ऐकायलाच आलेल्या श्रोत्यांची अशी विनंती तो शक्य तेवढी मानतो, असा माझा अनुभव आहे. त्या त्रिकुटात बास कोण वाजवणार आहे, ते नाव मात्र इथे अवश्य कळवा.